एका वाटीत ३६ चौरस मीटर

खोबरेल तेल पारदर्शक. पाणी तर पारदर्शकच. मग नारळ खोवून, कोमट पाणी घालून वाटून, फडक्यातून पिळून काढलेलं नारळाचं दूध पांढरंशुभ्र कसं?

“खोबरं पांढरं असतं म्हणून!” असं ज्यांनी मनातल्या मनात म्हटलं, त्यांनी जरा थांबा. खोबऱ्याचा चोथा फडक्यातच राहिला की! वाटीत उतरलं ते मुख्यतः पाणी आणि तेल. सोबत थोडी साखर, थोडे क्षार, थोडी प्रथिनं. यातलं पांढरं काय आहे? काहीच नाही.

पांढरेपणा येतो तो तेलाच्या तुकड्यांमुळे. पिळलेल्या दुधात तेल सलग नसतं, त्याचे अतिबारीक थेंब झालेले असतात. बरेचसे थेंब १ ते १० मायक्रोमीटर रुंदीचे. एका मिलिमीटरचे हजार भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे मायक्रोमीटर. प्रकाशाचा किरण दुधात शिरला की या थेंबावरून त्या थेंबावर, तिथून तिसऱ्यावर असा भरकटतो आणि कुठून तरी बाहेर पडतो. सगळे रंग जवळजवळ सारखेच भरकटतात, म्हणून आपल्या डोळ्यांना पांढरं दिसतं. एका द्रवात दुसऱ्या द्रवाचे असे थेंब पसरलेले असले की त्या मिश्रणाला पायस म्हणतात. विज्ञानाच्या पुस्तकात पचनाच्या धड्यात ‘पित्तरस स्निग्ध पदार्थांचे पायसीकरण करतो’ असं एक वाक्य असतं. परीक्षेपुरतं पाठ करून विसरलेलं. तेच हे.

म्हसळ्याच्या मुलांच्या पानात तर पायस सारखंच येतं. रायगड जिल्ह्यातलं हे खाडीच्या टोकाचं गाव एके काळी जंजिरा संस्थानात होतं. मुंबई-पुण्याची मंडळी दिवेआगर-श्रीवर्धनला जाताना इथूनच पुढे जातात. आजूबाजूला नारळ-सुपारीच्या वाड्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने त्यातल्या कितीतरी आडव्या केल्या, आणि नवा माड लावला तरी तो फळाला यायला सहा-सात वर्षं सहज जातात. तरीही इथल्या स्वयंपाकघरातून नारळाचं दूध काही हललं नाही. आमसुलाची सोलकढी, नारळाच्या दुधातलं गोड, मासळीचं कालवण, सगळीकडे ते आहेच. आणि ज्या घरात नारळाचं दूध आहे, त्या घरात हा संवाद झालेलाच असतो:

“उकळी येऊ देऊ नकोस हं, फुटेल.”

“फुटेल म्हणजे काय गं, आजी?”

“फुटेल म्हणजे फुटेल! तू ढवळत राहा.”

आजीचं शंभर टक्के बरोबर आहे. पण फुटतं काय? तेलाचे थेंब? ते तर आधीच फुटून फुटून इतके बारीक झालेत!

गंमत अशी की प्रश्न उलटा विचारायला हवा. पाणी आणि तेल बाटलीत घालून कितीही हलवा, दोन मिनिटांत तेल पुन्हा वर. थेंब एकमेकांना भेटतात, मिसळतात, मोठे होतात आणि वर येऊन एक होतात. नारळाच्या दुधातले थेंब मात्र तासन्‌तास वेगळे राहतात. त्यांना एकमेकांत मिसळू कोण देत नाही?

प्रत्येक थेंबाभोवती एक कातडी असते. नारळाच्या दुधात ती मुख्यतः नारळाच्याच प्रथिनांची, आणि सोबतीला फॉस्फोलिपिड नावाचे मेदाचे रेणू. या फॉस्फोलिपिडची मला भारी मौज वाटते. त्याला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना तेल. नुसत्या पाण्यात ठेवा, शेपट्या नाराज. नुसत्या तेलात ठेवा, डोकं नाराज. मग ते जिथे तेल आणि पाणी भेटतात त्या सीमेवर जाऊन बसतं: डोकं पाण्यात, शेपट्या तेलात. असे रेणू शेजारी शेजारी बसले की थेंबाला कातडी आली. जाडी किती? एकाच रेणूएवढी.

एका रेणूची जाडी मोजायची कशाने? पट्टीने?

हो, जवळजवळ पट्टीनेच! ती गोष्ट ऐकाच.

बेंजामिन फ्रँकलिन, तोच वीज आणि पतंगवाला, लंडनजवळच्या क्लॅपहॅम इथल्या तळ्यावर गेला आणि वाऱ्याने हललेल्या पाण्यावर त्याने चमचाभर तेल ओतलं. छोटा चहाचा चमचा. तेल पसरत गेलं, पसरत गेलं, आणि जवळजवळ अर्धा एकर पाणी शांत, गुळगुळीत झालं. १७७४ मध्ये त्याने हे छापून प्रसिद्ध केलं. अर्धा एकर म्हणजे किती, हे कोकणातल्या मुलांना सांगायला नको. २० गुंठे. सुमारे २००० चौरस मीटर. आता चमचा ५ मिलिलिटरचा धरा आणि भागाकार करा. तेलाच्या थराची जाडी येते सुमारे अडीच नॅनोमीटर. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले अडीच! म्हणजे रेणूचं माप फ्रँकलिनच्या हातात आलं होतं, पण भागाकार करायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. एवढा हुशार माणूस, आणि भागाकार राहिला.

तो भागाकार पुढे लॉर्ड रॅले यांनी केला, १८९० मध्ये. त्यांनी तळं घेतलं नाही. ८४ सेंटिमीटर व्यासाचा अंघोळीचा मोठा टब घेतला. आणि तेल कुठवर पसरलंय हे बघायला काय वापरलं माहीत आहे? कापूर! कापराचे चुरे स्वच्छ पाण्यावर टाकले की ते आपोआप इकडून तिकडे धावत सुटतात, गिरक्या घेतात. तेलाचा थर पाण्यावर पुरेसा पसरला की मात्र कापूर जागच्या जागी ठप्प. रॅलेंना कापूर थांबवायला ०.८१ मिलिग्रॅम ऑलिव्ह तेल लागलं. त्यावरून जाडी आली १.६ नॅनोमीटर.

हे तुम्ही घरी करू शकता. मोठी परात घ्या, साबणाचा अंश राहणार नाही अशी पुन्हा पुन्हा नुसत्या पाण्याने धुवा, पाणी भरा आणि कापराच्या वडीचा नखाएवढा चुरा टाका. (कापूर तोंडात घालायचा नाही, तो विषारी असतो. धाकट्या भावंडांवर लक्ष ठेवा.) चुरा पळायला लागला की टाचणीचं टोक खोबरेल तेलात बुडवून पाण्याला टेकवा. थेंब टाकू नका, थेंब फार होतो. ४० सेंटिमीटरच्या अख्ख्या परातीला ०.२ घन मिलिमीटर तेल पुरतं, म्हणजे राईच्या बारीक दाण्याहूनही कमी. कापूर एकदम उभा राहील. पाऊस पडून गेल्यावर एसटी स्टँडच्या डबक्यात डिझेलचे इंद्रधनुषी रंग दिसतात ना, तो थर याच्यापेक्षा शंभर-दोनशे पट जाड असतो. रंग दिसला की समजा, थर जाड. एका रेणूच्या थराला रंगच नसतो. परातीत तुम्हाला काहीही दिसणार नाही, फक्त कापूर थांबलेला दिसेल.

रॅले मोठे शास्त्रज्ञ, १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळालं. पण या कामात त्यांच्याही आधीपासून एक मुलगी गुंतलेली होती, आणि मला विचाराल तर या गोष्टीतलं सगळ्यात भारी माणूस तीच. ॲग्नेस पॉकेल्स. जन्म १८६२ चा. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात घरचा स्वयंपाक, भांडी आणि आई-वडिलांची दुखणी सांभाळणारी. तेव्हा तिथल्या विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता. भौतिकशास्त्र शिकणारा धाकटा भाऊ पुस्तकं द्यायचा, तेवढंच तिचं पुढचं शिक्षण. विशीच्या आसपास तिने पत्र्याचा एक लांबट ट्रे केला. त्यात काठोकाठ पाणी आणि ट्रेवर आडवी एक पत्र्याची पट्टी. पट्टी सरकवली की पाण्यावरचं तेल पट्टीच्या एका बाजूला गोळा होई. पाण्यावर बटणाएवढी एक चकती टेकवून ती वर ओढायला किती जोर लागतो हे तराजूने बघायचं. ट्रे मळला की तीच पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढून पाण्याचा वरचा थर पुसून काढायचा. साधी युक्ती, पण तिच्याशिवाय बाकी सगळं फुकट, कारण बोटाला लागलेलं तूपसुद्धा हा प्रयोग बिघडवतं.

पट्टी सरकवत गेलं की बराच वेळ काहीच फरक पडत नाही, आणि मग एका ठरावीक जागेला पोचताच चकती ओढायचा जोर एकदम कमी लागायला लागतो. का? कारण तोवर रेणू ऐसपैस पसरलेले होते. आता ते खांद्याला खांदा लावून उभे आहेत. १८९१ च्या जानेवारीत तिने रॅलेंना जर्मन भाषेत पत्र लिहून हे सगळं कळवलं. रॅलेंच्या पत्नीने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि रॅलेंनी ते ‘नेचर’कडे पाठवून दिलं. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते छापून आलं. लॉर्डसाहेबांनी ते स्वतःच्या नावावर खपवलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

पुढे अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्युअरने तसाच ट्रे जास्त नेमका केला. १९१७ मध्ये त्याने सांगितलं की १६ कार्बनची शेपटी असलेला रेणू घ्या नाहीतर २६ कार्बनची शेपटी असलेला घ्या, पाण्यावर दोघांनाही साधारण सारखीच जागा लागते. जरा डोकं खाजवा: शेपटी लांब झाली तरी जागा तेवढीच, याचा अर्थ काय? रेणू आडवे पडलेले नाहीत, उभे आहेत! लँगम्युअरला १९३२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने सत्तर वर्षांच्या ॲग्नेसबाईंना मानद डॉक्टरेट दिली.

ट्रेमधलं पाणी सपाट. आपला थेंब गोल, आणि तो एकटाही नाही. वाटीभर, समजा १५० मिलिलिटर, घट्ट दूध आहे आणि त्यात ३० मिलिलिटर तेल आहे. सगळे थेंब ५ मायक्रोमीटरचे धरू. थेंबांची संख्या येते सुमारे ४६ हजार कोटी. आणि त्या सगळ्यांच्या पृष्ठभागांची बेरीज? सूत्र सोपं आहे: तेलाचं घनफळ गुणिले ६, भागिले व्यास. उत्तर ३६ चौरस मीटर. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद. तुमच्या वर्गाची सगळी फरशी त्या एका वाटीत. थेंब आणखी बारीक करून १ मायक्रोमीटरचे केलेत तर १८० चौरस मीटर. आणि एवढ्या फरशीवर अंथरलेली कातडी वजनाला किती? प्रथिनांची कातडी असेल तर दर चौरस मीटरला साधारण १ ते ३ मिलिग्रॅम. ३६ चौरस मीटरला ग्रॅमचा दहावा हिस्सा म्हटलं तरी जवळपास पुरेल. वाटीभर दूध त्या चिमटीवर टिकून आहे.

आता खरी अडचण. या गोल थेंबावर मेदाचे रेणू किती आहेत, दाटीने बसलेत की सैल, ताठ उभे आहेत की वाकडे, हे कसं मोजणार? थेंबावर पत्र्याची पट्टी सरकवता येत नाही.

जुनी रीत वजाबाकीची आहे. पाण्यात किती रेणू घातले ते आधी लिहून ठेवायचं. तेल घुसळून थेंब तयार करायचे. मग यंत्रात गरगर फिरवून थेंब वेगळे काढायचे आणि खालच्या पाण्यात किती रेणू उरलेत ते मोजायचं. जे गायब झाले ते थेंबांवर गेले असणार. त्याला पृष्ठभागाने भागा, झालं. रीत चांगली आहे, फक्त तिच्यात रेणू प्रत्यक्ष कोणी बघितलेला नसतो. तो थेंबावर बसलाय की दुसरीकडेच कुठे दडलाय, वजाबाकीला काय कळणार?

म्हणून दुसरी रीत आली, प्रकाशाची. रेणूतले अणू कधी स्वस्थ बसत नाहीत. मेदाच्या शेपटीतला कार्बन आणि त्याला चिकटलेला हायड्रोजन हे एका सेकंदात सुमारे ८७ लाख कोटी वेळा मागे-पुढे हलतात. प्रत्येक बंधाच्या हलण्याचा वेग ठरलेला, त्यामुळे वेग कळला की बंध ओळखता येतो. प्रकाश अशा हलत्या रेणूला भेटून परतला की त्याचा रंग किंचित बदलतो, हे आपल्या सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ ला दाखवलं, आणि म्हणून त्या दिवशी तुमच्या शाळेत विज्ञान दिन असतो. नव्या रीतीत एक सोडून दोन लेझर वापरतात. एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, तो शेपट्यांच्या हलण्याच्या तालाशी जुळवलेला. दुसरा दिसणारा. दोघे एकाच क्षणी थेंबावर पडले की दोघांची बेरीज झालेला एक तिसराच प्रकाश निघतो.

आणि तो फक्त कातडीतून निघतो! थेंबाच्या आतलं तेल गप्प, बाहेरचं पाणीही गप्प. कारण आतल्या रेणूंची तोंडं वाट्टेल त्या दिशेला असतात. आठवडी बाजारात शंभर माणसं एकदम बोलतात तेव्हा एकही शब्द कळत नाही, पण शाळेच्या प्रार्थनेत शंभर मुलं एका सुरात म्हणतात तेव्हा शब्द न्‌ शब्द ऐकू येतो, तसंच. आतल्या रेणूंचे इशारे एकमेकांना पुसून टाकतात. कातडीतले रेणू मात्र एकाच शिस्तीत, डोकं बाहेर आणि शेपटी आत. त्यांचाच सूर ऐकू येतो.

सिल्वी रोक या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत थेंबांवर चालवली. एक पेच होता. तेलातही कार्बन-हायड्रोजन, शेपटीतही कार्बन-हायड्रोजन, मग कुठला इशारा कुणाचा? त्यांनी शक्कल लढवली आणि तेल खास बनवलेलं घेतलं, ज्यातले सगळे हायड्रोजन जड हायड्रोजनचे. जड अणू सावकाश हलतात, त्यामुळे तेलाचा ताल वेगळा पडला आणि शेपट्यांचा वेगळा.

मग शेपटी ताठ आहे की वाकडी, हेही कळायला लागलं. शेपटीच्या टोकाला एका कार्बनवर तीन हायड्रोजन असतात, मधल्या प्रत्येक कार्बनवर दोन-दोन. शेपटी सरळ ताठ असली की मधल्या शेजारी-शेजारी जोड्या एकमेकींचा इशारा पुसून टाकतात आणि फक्त टोकाचा आवाज येतो. शेपटी वाकली की मधल्यांचाही आवाज यायला लागतो. कुठला आवाज मोठा, एवढं बघायचं की रेणू सावधानमध्ये आहे की विश्राममध्ये ते समजलं!

२०१० मध्ये त्यांना एक अजब गोष्ट दिसली. शांपू-टूथपेस्टमध्ये असतो तसला एक साबणी रेणू सपाट पृष्ठभागावर गच्च दाटी करून बसतो. तोच नॅनोमीटरांत मोजायच्या चिमुकल्या थेंबांवर मात्र फारच विरळ बसला. सपाट ट्रेवर मोजलं ते गोल थेंबाला जसंच्या तसं लागू करता येत नाही, हे त्यातून कळलं. आणि २०१५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावच्या तंत्रज्ञान संस्थेत याच गटाने फॉस्फोलिपिडची कातडी घातलेले थेंब तयार केले. तेल, पाणी आणि मेदरेणू यांचं प्रमाण बदललं की रेणू कधी गच्च बसायचे, कधी सैल. त्यांनी त्या थेंबाला नाव दिलं, त्रिमितीय नॅनो लँगम्युअर ट्रे. पॉकेल्सबाईंचा ट्रे गोल होऊन थेंबावर चढला. पट्टीचं काम आता प्रमाण करतं!

एवढी उठाठेव कशाला, असं तुमच्यातलं कोणीतरी म्हणणारच. ज्या आजारी माणसाला तोंडाने खाता येत नाही त्याला शिरेतून पांढरी सलाईन लावतात, तेही पायसच. सोयाबीनचं तेल आणि अंड्यातल्या फॉस्फोलिपिडची कातडी. १९६२ पासून ते वापरात आहे. त्यातले थेंब सरासरी अर्ध्या मायक्रोमीटरहून बारीक असावे लागतात. ५ मायक्रोमीटरपेक्षा मोठ्यांना जवळजवळ बंदीच, कारण अतिबारीक रक्तवाहिन्या तुंबतील. कातडी कमजोर पडली, दोन थेंब एक झाले, की जिवावर बेतू शकतं. आणि आपल्या आतड्यात चरबी पचवणारं विकर थेंबाच्या पृष्ठभागावर बसूनच काम करतं. कातडी कशी आहे त्यावर त्याचं बसणं ठरतं.

आता आजीकडे वळू. नारळाच्या प्रथिनांवर विद्युतभार असतो, सारखाच, म्हणून थेंब एकमेकांना दूर ढकलतात. दूध सणसणून तापलं, ८० अंशांच्या आसपास गेलं, की कातडीतल्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात, ती एकमेकांत गुंततात आणि थेंबांच्या गाठी होतात. आणखी आटवलं तर कातडी सोडून तेल वर येतं. घरच्या घरी नारळाचं दूध आटवून तेल काढतात ते याच करामतीवर. सोलकढीत वेगळी भानगड होते. आमसुलाचा आगळ चांगलाच आंबट. त्या आंबटपणात प्रथिनांचा भार जवळजवळ नाहीसा होतो, थेंबांचं ढकलणं थांबतं आणि ते एकमेकांना चिकटून घोळके करतात. पण कातडी शाबूत असते. म्हणून ठेवलेल्या सोलकढीत खाली गुलाबी पाणी दिसलं तरी चमचा फिरवला की ती पुन्हा एकजीव. तापवून फुटलेलं दूध कितीही ढवळा, नाही जुळत.

थेंबाचं माप काढायला मात्र लेझर लागत नाही, पट्टी पुरते. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये सूत्र दिलं होतं: थेंब दुप्पट रुंद, तर वर चढायचा वेग चौपट. ५ मायक्रोमीटरचा तेलाचा थेंब पाण्यात तासाला साधारण ४ मिलिमीटर चढतो, १० मायक्रोमीटरचा १६ मिलिमीटर, अडीच मायक्रोमीटरचा जेमतेम १. तेव्हा ताजं नारळाचं दूध एक चमचा, पाणी दहा चमचे, असं मिश्रण एका उंच, सरळ पेल्यात भरा. शेजारी तसाच दुसरा पेला, त्यात आगळाचे थोडे थेंब जास्तीचे. तिसऱ्यात उकळून गार केलेल्या दुधाचं तेच मिश्रण. पेले हलवू नका. तळाशी निवळ पट्टा दिसायला लागला की दर पंधरा मिनिटांनी त्याची उंची मोजून वहीत लिहा. कड थोडी धूसर दिसेल, कारण थेंब लहान-मोठे असतात. एकाच माणसाने मोजा म्हणजे वाद नकोत. मग सांगा बघू, कुठल्या पेल्यातले घोळके किती मोठे?